शेताचा बांध ठाऊक, पण मतदारसंघाची शीव?

तुमच्या शेताचा बांध कुठून कुठे जातो हे तुम्ही डोळे मिटून सांगाल. शेजाऱ्याने नांगरताना वीतभर बांध कोरला, तर तो त्याच दिवशी ध्यानात येतो. मग मोजणीचा अर्ज जातो, पैसे भरले जातात, मोजणीदार येतो, जुने दगड शोधले जातात. गावाची शीवही लहानथोरांना ठाऊक असते.

आता एक साधा प्रश्न. तुमचे गाव ज्या विधानसभा मतदारसंघात आहे, त्याची शीव कुठून जाते? ती कोणी आखली, कधी आखली, आणि कशाच्या आधारावर आखली? ती पुन्हा आखली जाईल तेव्हा तुमचे म्हणणे कुठे मांडायचे? पारावर निवडणुकीच्या गप्पा रात्र रात्र चालतात, पण या प्रश्नांची उत्तरे सहसा कोणी देत नाही. ती अवघड मुळीच नाहीत. आपण ती एकेक करून पाहू.

तालुका निराळा, मतदारसंघ निराळा

पुष्कळांची समजूत असते की एक तालुका म्हणजे एक आमदार. काही ठिकाणी तसे आहे. बारामती मतदारसंघ म्हणजे बारामती तालुकाच. पण कर्जत आणि जामखेड हे दोन तालुके मिळून एक मतदारसंघ होतो. उलट कोल्हापूर जिल्ह्यातला आजरा तालुका पाहा. उत्तूरकडचा भाग कागल मतदारसंघात, आजरा गावाकडचा भाग राधानगरी मतदारसंघात आणि चंदगडच्या बाजूचा भाग चंदगड मतदारसंघात. तहसीलदार एक, पंचायत समिती एक, पण आमदार तीन! पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातली काही गावे आंबेगाव मतदारसंघाला जोडलेली आहेत. त्या गावांचे दाखले शिरूरला आणि मतदान आंबेगावच्या उमेदवाराला.

याचे कारण असे की तालुका हा कारभाराच्या सोयीसाठी असतो आणि मतदारसंघ हा माणसांच्या संख्येवरून पाडलेला असतो. तालुका लहान असला तर त्याला शेजारचा भाग जोडावा लागतो. मोठा असला तर त्यातले एखादे महसूल मंडळ काढून दुसऱ्याला द्यावे लागते. जिल्ह्याची हद्द मात्र विधानसभेचा मतदारसंघ ओलांडत नाही.

जिल्हा परिषदेचे गट आणि पंचायत समितीचे गण ही आणखी तिसरी वाटणी. विधानसभेच्या शिवेशी तिचा संबंध नसतो. म्हणून गटाची फेररचना झाली की ‘आमदारकीचा मतदारसंघ बदलला’ अशी आवई कोणी उठवली, तर तिच्यावर विश्वास ठेवू नका.

ही शीव आखतो कोण?

‘सत्तेवर बसलेल्यांनी आपल्या सोयीने गावे फिरवली’ असे आपण सहज बोलून जातो. कायद्याने मात्र हे काम आमदार-मंत्र्यांकडे दिलेले नाही. त्यासाठी संसद कायदा करते आणि परिसीमन आयोग नेमला जातो. परिसीमन म्हणजे सीमा ठरवणे. आजवर असे चार आयोग झाले. त्यांचे कायदे १९५२, १९६२, १९७२ आणि २००२ सालचे. शेवटच्या आयोगाचे अध्यक्ष होते सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग. त्यांच्या जोडीला निवडणूक आयोगाचे एक आयुक्त आणि त्या त्या राज्याचे राज्य निवडणूक आयुक्त होते.

राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार आयोगाला साहाय्य करायला घेतले जातात. ते बैठकीत बोलू शकतात, सूचना करू शकतात, पण त्यांना मत नाही आणि निर्णयावर त्यांची सही नाही. आयोगाचा अंतिम आदेश राजपत्रात आला की त्याला कायद्याचे बळ मिळते. पुढे त्यात काना-मात्रा बदलायचा अधिकार विधानसभेलाही नसतो.

सीमा आखताना आयोगाने काय पाहावे, हेही कायद्यात सांगितले आहे. मतदारसंघ शक्य तितका सलग असावा. डोंगर, नद्या पाहाव्यात. तालुक्यासारख्या चालू हद्दी ध्यानात घ्याव्यात. रस्ते, दळणवळण आणि लोकांची सोय पाहावी. म्हणजे मध्ये घाट किंवा मोठी नदी आणि पूल नाही, अशी दोन खोरी एकत्र बांधली जात असतील, तर ‘हे लोकांच्या सोयीचे नाही’ असे म्हणण्याचा आधार तुम्हाला कायद्यातच मिळतो.

हे म्हणणे मांडायची वेळही ठरलेली असते. आयोग आधी कच्चा आराखडा राजपत्रात आणि त्या भागातल्या वर्तमानपत्रांत प्रसिद्ध करतो. हरकती व सूचनांसाठी एक तारीख देतो. नंतर उघड सुनावणी घेतो. तेवढ्या काळात ग्रामसभेचा ठराव, नकाशा आणि अंतरे मांडून अर्ज केला तर तो नोंदीवर येतो. अंतिम आदेश निघाल्यावर मोर्चा काढून उपयोग होत नाही. पेरणीची वाफ निघून गेल्यावर बियाणे आणण्यासारखे ते होते.

शीव हलली तेव्हा काय झाले?

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. १९६२ च्या निवडणुकीत विधानसभेच्या जागा २६४ होत्या. १९६७ आणि १९७२ साली त्या २७० होत्या. १९७१ च्या जनगणनेवरून त्या २८८ झाल्या आणि १९७८ च्या निवडणुकीपासून आकडा तोच आहे.

घटनेत मूळ व्यवस्था अशी की दर दहा वर्षांनी जनगणना झाली की जागा आणि सीमा पुन्हा ठरवायच्या. पण १९७६ साली ४२ व्या घटनादुरुस्तीने हे काम थांबवले. कुटुंब नियोजन नेटाने राबवणाऱ्या राज्यांच्या जागा कमी होऊ नयेत, असा त्यामागे विचार होता. पुढे ८४ व्या दुरुस्तीने जागांचा आकडा २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत कायम ठेवला. मात्र राज्याच्या आतल्या सीमा २००१ च्या लोकसंख्येवरून नव्याने आखायला २००३ साली ८७ व्या दुरुस्तीने मुभा दिली. त्याप्रमाणे आखलेले मतदारसंघ २००८ साली लागू झाले आणि २००९ ची विधानसभा निवडणूक त्यांवर झाली. म्हणजे १९७८ पासून २००४ पर्यंत सात निवडणुका जुन्या शिवेवर झाल्या.

२००१ साली महाराष्ट्राची लोकसंख्या ९ कोटी ६८ लाखांवर होती. तिला २८८ ने भागले की एका मतदारसंघाच्या वाट्याला सुमारे ३ लाख ३६ हजार माणसे येतात. हे माप हातात धरून जिल्ह्याजिल्ह्याला जागा दिल्या गेल्या, आणि तिथेच फरक दिसला. पुढचे आकडे नीट पाहा.

रत्नागिरी जिल्ह्यात सात आमदार होते, पाच झाले. सिंधुदुर्गात चाराचे तीन झाले. साताऱ्यात दहाचे आठ झाले. कोल्हापुरात बाराचे दहा झाले. गडहिंग्लज नावाचा मतदारसंघच राहिला नाही. गडहिंग्लज शहर कागलला जोडले गेले आणि पूर्वेकडची गावे चंदगडला. आणि वाढले कुठे? पुणे जिल्ह्यात अठराचे एकवीस झाले. मुंबईत चौतीसचे छत्तीस झाले. त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात, म्हणजे आजच्या ठाणे आणि पालघर मिळून, तेराचे चोवीस झाले!

तुम्ही म्हणाल, हा खेड्यांवर अन्याय झाला. घटकाभर दुसरी बाजूही पाहा. रत्नागिरी-साताऱ्याहून पोटासाठी गेलेली आपलीच मुले ठाणे-कल्याणला राहतात. जुन्या शिवेवर तिथला एक आमदार खेड्यातल्या आमदाराच्या कितीतरी पट माणसांचा होता, म्हणजे तिथल्या प्रत्येक मताचे वजन कमी होते. सगळ्यांच्या मताची किंमत सारखी ठेवायची, तर जागा माणसांच्या मागे जाणारच. एकराला मत नाही, उसाला मत नाही, धरणालाही मत नाही. मत माणसाला आहे.

पण खेड्यातल्या माणसाची अडचणही खोटी नाही. शहरातला मतदारसंघ सकाळी चालून संपतो. डोंगरी भागात एका आमदाराकडे शेकडो गावे आणि वाड्या येतात. आजऱ्यासारख्या तालुक्यात पाण्याचा एक प्रश्न तिघांच्या दारात न्यावा लागतो. म्हणून पुढची आखणी होईल तेव्हा गाफील राहून चालणार नाही.

राखीव जागा कशा ठरतात?

अनुसूचित जाती आणि जमातींसाठी जागा राखीव ठेवण्याचे मापही लोकसंख्येचेच आहे. २००८ च्या आखणीत महाराष्ट्रात २९ जागा अनुसूचित जातींसाठी आणि २५ जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव झाल्या. आधी त्या १८ आणि २२ होत्या. जमातींच्या जागा जिथे त्यांचे प्रमाण सर्वांत जास्त तिथे ठेवतात. नंदुरबारच्या चारही आणि गडचिरोलीच्या तिन्ही जागा अशा राखीव आहेत. जातींच्या जागा, त्यांची वस्ती जास्त असेल अशा ठिकाणी, पण राज्याच्या निरनिराळ्या भागांत वाटून ठेवतात.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. राखीव असते ती उमेदवारी. मत मात्र त्या मतदारसंघातला प्रत्येक मतदार देतो आणि निवडून आलेला आमदार सगळ्यांचा असतो.

महिलांसाठी एक तृतीयांश जागा राखीव ठेवण्याची घटनादुरुस्ती २०२३ साली मंजूर झाली. तीही पुढच्या जनगणनेला आणि परिसीमनाला बांधलेली ठेवली गेली. माय-बहिणींनीही या विषयाकडे लक्ष द्यावे ते यासाठी.

आमदार निवडून येतो कसा?

उमेदवाराचे वय २५ पुरे हवे आणि राज्यातल्या कोणत्याही एका मतदारसंघाच्या यादीत त्याचे नाव हवे. त्याच मतदारसंघात राहायला हवे असे नाही. अनामत रक्कम १० हजार रुपये, आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५ हजार. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मते पडली नाहीत, तर अनामत जप्त होते.

ज्याला सगळ्यांत जास्त मते, तो निवडून आला. निम्म्याहून जास्त मते पडलीच पाहिजेत असा नियम नाही. समजा, १०० मते पडली आणि चार उमेदवारांना ३४, ३०, २० आणि १६ मिळाली. ३४ वाला आमदार झाला. ६६ जणांनी त्याला मत दिले नव्हते, तरी आता तोच त्यांचाही आमदार.

‘माझ्या एका मताने काय होते?’ असे म्हणणाऱ्यांनी २० नोव्हेंबर २०२४ ची निवडणूक आठवावी. मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांनी लागला. भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीचा २०८ मतांनी लागला. दोनशे मते म्हणजे एखाद्या मोठ्या भावकीची मते. लग्नाला, बाजाराला किंवा ऊसतोडीला गेलेल्या माणसांनी त्या दिवशी काय गमावले, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

निवडून आला, पुढे काय?

आमदार म्हणजे गटार आणि सभामंडप बांधून देणारा माणूस, एवढीच ओळख झाली आहे. त्याला स्थानिक विकासाचा निधी मिळतो हे खरे. पण त्याचे मुख्य काम विधानसभेत आहे. कायदे करणे, अर्थसंकल्पावर बोलणे आणि मत देणे, सरकारला प्रश्न विचारणे. कालव्याचे आवर्तन चुकले, पीकविम्याचे पैसे अडकले, रोहित्र जळून महिना झाला, यांवर तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी सूचना देता येते आणि मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यावे लागते. मुंबईत आणि हिवाळ्यात नागपूरला अधिवेशन भरते, ते त्यासाठी. तेव्हा नुसते ‘आमच्याकडे लक्ष द्या’ म्हणण्याऐवजी गाव, तारीख, कार्यालय आणि आधीच्या अर्जाची प्रत देऊन ‘यावर प्रश्न विचारा’ असे सांगावे.

सरकार टिकायला २८८ पैकी १४५ जणांचा पाठिंबा लागतो. तुमचा आमदार त्या मोजणीतला एक असतो. राज्यसभेत महाराष्ट्राचे १९ सदस्य जातात, तेही आमदारच निवडतात. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत महाराष्ट्राच्या एका आमदाराचे मत १७५ धरले जाते, आणि तो आकडा १९७१ च्या लोकसंख्येवरून काढलेला आहे. पन्नास वर्षांपूर्वीची शिरगणती किती दूरवर पोचते, ते पाहा!

पुढची मोजणी आणि आपण

२०११ नंतरची जनगणना १ मार्च २०२७ हा संदर्भ दिवस धरून करण्याचे केंद्र सरकारने जून २०२५ मध्ये जाहीर केले. शिरगणती म्हणजे नुसती कागदपत्रे भरणे, असे समजू नका. सीमांचे माप तिथूनच निघते.

इथे ऊसतोडीला जाणाऱ्या घरांनी कान द्यावा. २०११ साली माणसांची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत झाली. ते दिवस गाळपाच्या ऐन हंगामाचे. जो माणूस मोजणीच्या सगळ्या दिवसांत घरापासून दूर असतो, तो जिथे असेल तिथे मोजला जातो. म्हणजे बीडची कोयत्यावरची माणसे कारखान्याच्या तळावर, दुसऱ्याच जिल्ह्यात मोजली जाऊ शकतात. आणि तिथल्या खोपीत प्रगणक पोचलाच नाही, तर ती कुठेच मोजली जात नाहीत. म्हणून तळावर असाल तर मुकादमाला सांगून मोजणी करून घ्या. गावी थोडे दिवस तरी आला असाल, तर घरच्यांनी तुमचे नाव सांगावे. एक माणूस दोनदा नको, आणि एकदाही सुटायला नको.

मतदार यादीची गोष्ट मात्र निराळी. कामासाठी काही महिने बाहेर गेला म्हणून गावातला तुमचा राहिवास संपत नाही आणि तेवढ्यावरून नाव काढता येत नाही. जमिनीला जसा सातबारा, तशी मताला मतदार यादी. ओळखपत्र खिशात असले आणि यादीत नाव नसले, तर मत देता येत नाही.

म्हणून घरटी एवढे करा. मुलामुलींना १८ वर्षे पुरी झाली की नमुना ६ भरा. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरतात, त्यामुळे वर्षभर थांबायला नको. लेक सासरी गेली किंवा घर बदलले, तर नमुना ८ भरून नाव नव्या ठिकाणी न्या. घरात कोणी वारले असेल, तर नमुना ७ भरा. आपल्या केंद्राचा मतदान केंद्र अधिकारी कोण, ते ग्रामपंचायतीत विचारून ठेवा. बहुधा तो गावातला शिक्षक नाहीतर अंगणवाडी सेविका असते. हे काम निवडणूक जाहीर होण्याआधी उरकावे. पुढे गर्दी होते आणि मुदतही संपते.

आणि परिसीमनाचा कच्चा आराखडा प्रसिद्ध होईल, त्या दिवशी ग्रामपंचायतीत तो मोठ्याने वाचून घ्या. आपले महसूल मंडळ कोणाला जोडले, मध्ये नदी आहे की घाट, एस.टी. कुठून कुठे जाते, बाजार कुठला, हे लिहून ठराव करा आणि मुदतीत पाठवा. शेताच्या वीतभर बांधासाठी आपण मोजणी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवतो. ही शीव पुढच्या कित्येक निवडणुकांना पुरणार आहे. तिच्यासाठी एक अर्ज करायला आळस करू नका.